सहा बावन्नला हात करणारी बाई

पाँटवेर्नच्या स्टेशनात कुणी नसतं. स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकी नाही, झाडायलासुद्धा महिन्यातून एकदा कुणीतरी व्हॅन घेऊन येतो. दोन डबे जेमतेम मावतील एवढा फलाट, एक काचेचा आडोसा, एक बाक, एक दिवा आणि एक पिवळी पाटी. गाडी हवी असेल तर ड्रायव्हरला स्पष्ट दिसेल असा हात करा, असं त्या पाटीवर लिहिलंय. हात केला नाही तर गाडी थांबत नाही. ड्रायव्हर जरा वेग कमी करतो, फलाटाकडे एक नजर टाकतो आणि निघून जातो. त्याचं काही चुकत नाही. ज्याला जायचंय त्यानं हात करावा, एवढा साधा व्यवहार आहे.

उदय खांबेटे १९७९ साली नागपूरहून बायकोला घेऊन इथे, विलायतेतल्या या दरीत आला, तेव्हा हे बघून त्याला हसू आवरेना. "अगं, ही तर आपली फाट्यावरची एसटी! एवढं साहेबाचं राज्य, आणि गाडी थांबवायची कशी, तर हात करून!" त्या दिवशी हात त्यानेच केला होता. पुढे त्याला मीटर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. कारखाना दरीच्या वरच्या अंगाला, चालत जाण्याच्या अंतरावर होता. त्यामुळे गाडीची गरज त्याला कधी पडली नाही. ती पडली मनीषाला.

मनीषा कार्डिफच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तळघरातल्या रेकॉर्ड विभागात काम करायची. कुठल्या पेशंटची कुठली फाइल कुठल्या क्लिनिकला हवी, ती शोधायची, शिडीवर चढून काढायची, ट्रॉलीत भरायची, पोचवायची आणि संध्याकाळी परत जागेवर लावायची. माणूस जितका आजारी तितकी त्याची फाइल जाड. काही फायली तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरवाव्या लागत. ट्रॉलीचं एक चाक कायम अडायचं. ते बदलून द्या म्हणून मनीषाने १९९४ साली अर्ज केला होता, त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

सकाळी सहा बावन्नची गाडी, सव्वा तासाचा प्रवास, मग बस. एकोणीस वर्षं. हिवाळ्यात सकाळी सातला इथे गुडुप अंधार असतो आणि अंधारात हात दिसत नाही. म्हणून ती कारखान्याचं एक चमकणारं पिवळं जाकीट अंगात घालायची आणि हातात टॉर्च धरायची. बहुतेक दिवस फलाटावर ती एकटीच असे. ड्रायव्हर बदलले, गार्ड बदलले, डब्यांचे रंग तीनदा बदलले. सहा बावन्नला पाँटवेर्नला हात करणारी बाई तेवढी बदलली नाही.

आता ही बाई अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि दमली होती.

दमली म्हणजे एखादी सुट्टी घेऊन भागेल असं नव्हे. सकाळी उठताना गुडघे आधी आणि आपण नंतर, अशी ती पलंगावरून उतरायची. परतीच्या गाडीत तिला झोप लागायची आणि गार्ड पाँटवेर्न आलं की हळूच खांद्याला हात लावायचा. रविवारी दुपारपासून ती घड्याळाकडे बघत बसायची, कारण उद्या सोमवार. पण 'मी दमले' हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. चूक तिचीच. तरुणपणी सगळ्यांनी कौतुक केलं, 'मनीषा म्हणजे मशीन आहे हो', आणि तिला ते आवडलं. एकदा मशीन म्हणवून घेतलं की कुरकुरायची सोय राहत नाही.

दुसरं कारण उदयचं. २००० साली कारखाना बंद पडला, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. पहिले सहा महिने त्याने अर्ज केले. मग समोरच्या खोलीतल्या हिरव्या खुर्चीत जो बसला, तो बसलाच. भांडण नाही, दारू नाही, तक्रार नाही. नुसता बसायचा. घराचे हप्ते केव्हाच फिटले होते, पोट दोघांचंच होतं, तेव्हा ओढाताण अशी नव्हती. पण मनीषाला वाटायचं, आपणही घरी बसलो तर त्या खोलीत दोन खुर्च्या होतील. त्या विचाराने ती घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्च घेऊन निघायची.

जानेवारी २००६ मध्ये एका सकाळी आडोशाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. तिने टॉर्च मारून वाचला. नव्या वेळापत्रकाचा मसुदा होता. येत्या डिसेंबरपासून सहा बावन्नची गाडी चार लहान स्टेशनांवर थांबणार नाही, त्यामुळे अकरा मिनिटं वाचतील, आणि पाँटवेर्नला पहिली गाडी मिळेल नऊ वीसला. कुणाची हरकत असल्यास कळवावी.

मनीषाने तो कागद दोनदा वाचला, आणि तिला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला सांगा, आनंदच झाला. नोकरी मी सोडली नाही, गाडीच बंद झाली! कुणाला काही सांगायला नको, कुणापुढे मान खाली घालायला नको. एकोणीस वर्षांनी कुणीतरी तिच्या वतीने निर्णय घेत होतं. त्या नादात ती हात करायलाच विसरली, आणि गाडी जवळजवळ पुढे गेली. ड्रायव्हरनेच ते पिवळं जाकीट पाहून ब्रेक मारला.

संध्याकाळी तिने उदयला सांगितलं. आणि इथे तिने घोटाळा केला. आपला आनंद दिसू नये म्हणून तिने चेहरा पाडला, आवाज बारीक केला. "अहो, सकाळची गाडी बंद करतायत म्हणे. आता माझ्या नोकरीचं काही खरं नाही."

उदय खुर्चीतून उठला.

"बंद करतायत? असं कसं बंद करतील? माझी बायको जाते त्या गाडीने!"

"जाऊ द्या हो. अठ्ठावन्न झाली मला. सोडीन मी."

"सोडशील? एकोणीस वर्षं ऊन-पाऊस बघितला नाहीस, आणि आता अकरा मिनिटांसाठी सोडशील? पेन कुठाय?"

सहा वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं, ते पेन मागितलं. मनीषाने ड्रॉवर उघडून ते त्याच्या हातात दिलं. दुसरं काय करणार होती?

त्यानंतरचे दोन महिने उदयने घराचं ऑफिस करून टाकलं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, खाली प्रिंटर, भिंतीवर नकाशा. कौन्सिलला पत्र, खासदाराला पत्र, रेल्वे कंपनीला चार पत्रं. दाढी रोज व्हायला लागली. लोक घरी येऊ लागले, 'मिस्टर के, मिस्टर के' करू लागले. कारखान्यात असताना सुपरवायझरपुढे खाली बघून बोलणारा हा माणूस गावच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये उभा राहून पन्नास माणसांपुढे बोलला. आणि काय बोलला? "एक बाई एकोणीस वर्षं त्या फलाटावर उभी आहे. तिला चालायला लावणार आहोत का आपण?" टाळ्या पडल्या. मनीषा पहिल्या रांगेत हसरा चेहरा करून बसली होती. आत तिला रडू येत होतं. आणि त्याच वेळी, हा किती छान बोलतोय, असंही वाटत होतं.

तिने एकदा प्रयत्न केला, शेजारच्या ग्लेनिसपाशी. ग्लेनिस सत्तरीची विधवा, जीव लावणारी बाई. बुधवारी ती पत्रकं वाटायला निघाली होती, तेव्हा मनीषाने तिला दारातच गाठलं.

"ग्लेनिस, माझ्यासाठी एवढं करू नका. खरंच नको. गाडी बंद झाली तरी मला चालेल."

ग्लेनिस खळखळून हसली. "लव्ह, तुझं 'नको' मला माहीत आहे!"

हेही मनीषानेच शिकवलेलं. ग्लेनिस पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा पुरणपोळीला 'नो, थँक यू' म्हणाली, आणि मनीषाने तिला समजावलं होतं की आमच्याकडे पहिलं नको मोजत नाहीत, दुसरंही नाही, वाढणाऱ्याने आग्रह करायचाच. ग्लेनिसला ती रीत फार आवडली. पंचवीस वर्षं दोघी एकमेकींना तसंच वाढत आल्या होत्या. आता आयुष्यात पहिल्यांदा मनीषाने खरंखुरं 'नको' म्हटलं होतं, आणि ग्लेनिस प्रेमाने तिच्या पानात वाढून निघून गेली.

मुलाचा फोन आला, रीडिंग गावाहून. अनुप जन्मला इथेच, मराठी बोलायचा, पण जपून, तुटक.

"आई, बाबा मला ईमेल पाठवतो रोज. तीन-तीन! ही इज लाइक अ न्यू मॅन."

"हो ना."

"तू ओके आहेस ना? तुझा आवाज टायर्ड वाटतो."

मनीषाने वळून बघितलं. मागे टेबलाशी उदय छापलेली पत्रकं पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात लावत होता आणि शिट्टीवर कुठलंसं जुनं गाणं वाजवत होता. "नाही रे," ती म्हणाली. "सर्दी झालीय थोडी."

रेल्वे कंपनीने कळवलं की निर्णयाआधी माणसं मोजली जातील. कुठल्या दिवशी, ते गुप्त. पण गार्डने उदयला डोळा मारून सांगितलं, सात मार्च, मंगळवार. झालं! गावाने ठरवलं की त्या मंगळवारी सगळ्यांनी सहा बावन्न पकडायची. कुणाला कार्डिफला काम होतं म्हणता? छे. पण मोजणाऱ्याला ते कसं कळणार? अशा किरकोळ लबाडीला प्रामाणिक माणसं फार उत्साहाने तयार होतात.

सात मार्चला पावणेसात वाजता त्या चिमुकल्या फलाटावर चौतीस माणसं उभी होती. थर्मास होते, दोन कुत्री होती, ग्लेनिसने लिपस्टिक लावली होती. ज्या जागेवर एकोणीस वर्षं फक्त मनीषाचे बूट असत, तिथे कुणीतरी बाबागाडी लावली होती. लोक तिला वाट करून पुढे नेऊ लागले. "पुढे या, मिसेस के. हात तुम्हीच करायचा!"

साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला होता. गाडीला अजून पाच मिनिटं होती. त्याने दोघांना फलाटाच्या कडेला उभं केलं. "मॅडम, हात वर. सर, तुम्ही तिच्याकडे बघा. हात अजून थोडा वर, मॅडम. स्माइल."

मनीषाने हात वर धरला. क्लिक. "अजून एक." खांदा दुखायला लागला. "अजून एक, लाइट नीट नाही." मागे सगळी माणसं कौतुकाने बघत होती, आणि मराठी कळणारा फलाटावर एकच होता. तो तिच्याशेजारी उभा होता.

"अहो," ती हसऱ्या तोंडानेच म्हणाली, "मला नाही हो जायचं."

"आज?"

"कधीच. मी दमलेय. ही गाडी बंद झाली असती ना, तर सुटले असते मी."

उदयच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण फोटोग्राफर 'होल्ड दॅट' म्हणत होता. "कधीपासून?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"झाली असतील चार वर्षं."

क्लिक. तो फोटो पुढे साप्ताहिकात पहिल्या पानावर आला. दोघंही त्यात छान हसतायत.

गाडी आली. चौतीस हात वर झाले. ड्रायव्हरने ते बघून भोंगा लांबलचक वाजवला, लोकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि सगळे दोन डब्यांत घुसले. दारापाशी क्लिकर घेऊन उभी असलेली मुलगी टकटक मोजत राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मनीषाला बसायला जागा मिळाली नाही. एकाने उठून जागा देऊ केली. ती सवयीने 'नको' म्हणाली. हे नको मात्र त्याने लगेच मानलं, आणि ती कार्डिफपर्यंत दांडा धरून उभी राहिली. उदय डब्याच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याच्याशी सगळे हस्तांदोलन करत होते, आणि तो माणसांच्या डोक्यांवरून तिच्याकडे बघत होता.

रात्रीचं जेवण त्याने केलं. खिचडी, तळाला लागलेली.  मग तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही खुर्चीतून उठलात ना."

 तो ताटातल्या शितांशी चाळा करत बसला. मग वर न बघता म्हणाला, "निकाल लागेपर्यंत जाशील?"

मनीषाला संताप आला. इतका, की तिने ताट उचलून सिंकमध्ये आदळलं. चार वर्षं गिळलेलं एकदाचं बोलले, आणि हा माणूस अजून हप्ता मागतोय! पाठ करून ती नळाखाली हात धरून उभी राहिली. मागून आवाज आला, "नाही जमलं तर नको जाऊ. मी लोकांना सांगतो उद्या. मीच सांगतो." आवाज हिरव्या खुर्चीतल्या माणसाचा होता.

"जाईन," ती म्हणाली. "निकालापर्यंत. पुढे एक दिवस नाही."

मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. उदय पाचला तिच्याबरोबर उठायला लागला. डबा भरायचा, कधी मीठ विसरायचा, तिला चढावरून फलाटापर्यंत सोडायला यायचा. दोघं बोलायची नाहीत फारसं. ती दमलेलीच होती. फक्त आता ते दोघांना माहीत होतं, आणि तेवढ्याने पिशवी थोडी हलकी वाटायची, कारण ती तो धरायचा.

जूनच्या मध्यावर पत्र आलं. पाँटवेर्नचा थांबा कायम. प्रवासी टिकतात का ते बघून दोन वर्षांनी फेरविचार. चॅपलच्या हॉलमध्ये केक कापला गेला, केकवर आइसिंगची आगगाडी होती. मनीषाला दोन शब्द बोलायला लावलं. तिने सगळ्यांचे आभार मानले. आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात राजीनामा दिला.

ग्लेनिसला तिने स्वतः जाऊन सांगितलं. ग्लेनिसने कप खाली ठेवला. "मग आम्ही हे कुणासाठी केलं?"

"मी नको म्हटलं होतं, ग्लेनिस."

"तू नेहमीच नको म्हणतेस," ग्लेनिस म्हणाली. ती रागावली होती, आणि दुखावलीही होती. तिचं काय चुकलं होतं? मनीषाने तिच्यासमोर बसून चहा संपवला आणि घरी आली. जुलैभर कुंपणावरून फक्त हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी नोकरी संपली. सोमवारी मनीषाला पाचलाच जाग आली. डोळे उघडल्यावर आठवलं, जायचं नाही. शेजारी उदय नव्हता. खाली स्वयंपाकघरात खुडबुड चालली होती. ती कठडा धरून खाली आली. उदय आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ब्रेडला लोणी लावत होता.

"कुठे निघालात?"

"कार्डिफला."

"काय काम आहे?"

"काम काही नाही." त्याने सँडविच कागदात गुंडाळलं. "कुणीतरी चढायला हवं ना आता. एवढं सगळ्यांनी केलं, आणि पहिल्याच सोमवारी फलाट रिकामा? बरं दिसत नाही ते."

"आणि दिवसभर तिथे करणार काय?"

"बघतो. लायब्ररी असेल. चारच्या गाडीने येतो परत."

"रोज जाणार?"

"जमेल तितके दिवस."

तुमचं वय त्रेसष्ट आहे, तुमचं ब्लडप्रेशर, बसा गुपचूप, असं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. उदयने पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"एकोणीस वर्षं कशी गेलीस गं?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता. पण उत्तराला तो थांबला नाही, गाडीची वेळ झाली होती.

मनीषा जिना चढून वर आली आणि पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळाने दरीच्या वळणावर गाडीचा आवाज आला, ब्रेक कुरकुरले, गाडी थांबली. दार लागल्याचं ऐकू आलं. आता आपल्याला रडू येणार असं तिला वाटलं. धावत जाऊन त्याला हाक मारावी, असंही वाटलं. पण गाडी सुटली होती, आणि तिच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं. तिने पांघरूण ओढून घेतलं, आणि साडेदहापर्यंत झोपली.